नवमीच्या दिवशीची शिडी

मी शिडीवरून पडले तो दिवस नवमीचा होता, दसऱ्याचा आदला. एवढं सांगितलं की आमच्या बालाघाटकडच्या वारासिवनीतली कोणतीही बाई लगेच विचारायची, "नवमीच्या दिवशी शिडीवर काहून चढली वं?" लागलं का, हाड मोडलं का, हे सगळं नंतर. आधी काहून चढली. या एका प्रश्नानं मला दीड वर्ष असं पिडलं, की आज म्हातारपणीसुद्धा कोणी सहज विचारलं तरी माझं डोकं फिरतं. म्हणून एकदा सगळं बसून सांगते.

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू. नवरा तापानं गेला, लेकरू नव्हतं. माहेर माझं तुमसरकडं. भाऊ दोनदा न्यायला आला, पण मी गेले नाही. सासूवर माझा फार जीव होता असं नाही हं. ती मुखदुर्बळ आणि मी तोंडाळ, त्यामुळं आमच्या घरात भांडणसुद्धा एकतर्फी व्हायचं. पण दोघी एकाच राईस मिलमध्ये कामाला, सकाळी बरोबर निघायचो, दिवेलागणीला बरोबर यायचो. चार हात चालले की दोन पोटं भरत होती. काम तांदूळ पाखडायचं. सूप एका हातानं पाखडता येत नाही, हे ज्यांनी धरलंय त्यांना सांगायला नको.

नवमीला मिलमध्ये हत्यारांची पूजा असायची. इंजिनाला झेंडूची माळ, तराजूला माळ, सुपं ओळीनं मांडलेली, फावडी-घमेली धुऊनपुसून ठेवलेली, आणि बोऱ्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्पीवर चढायची बांबूची शिडी भिंतीला टेकवलेली. बायांच्या सामानाची पूजा माझी सासू करायची, कारण सगळ्यांत जुनी तीच. त्या वर्षी तिनं शिडीच्या एकेका दांड्याला हळदकुंकू लावलं, खालून वर हात पुरेल तिथवर. नारळ फुटला, परसाद वाटला, मिलला कुलूप लागलं. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. पाय तर नाहीच नाही.

दुपारी आभाळ भरून आलं. पाऊस जाता जाता एखादा दणका देऊन जातो, तसा आला. वाऱ्यानं मिलच्या छपराचा एक पत्रा उचकटला, आणि बरोबर त्याच्या खाली तांदळाच्या बोऱ्यांची थप्पी, मालगाडीत चढायला तयार. मिलचा हिशेब बघणारे मुनीमजी आयुष्यात कधी धावले नसतील, ते धोतर वर धरून आमच्या गल्लीत धावत आले. "चलो चलो, बोरे भीग रहे हैं."

सासू दारात उभी राहून म्हणाली, "मुनीमजी, आज नवमी हाय."

"देवी माफ कर देगी," मुनीमजी म्हणाले, "सेठजी नहीं करेंगे."

आम्ही सहा जणी निघालो. मी, सासू, आणि गल्लीतल्या चौघी. खरं सांगू, मला तर मजाच वाटत होती. पाऊस, धावपळ, मुनीमजींची तारांबळ. सगळ्यांत हलकी मी, म्हणून ताडपत्री घेऊन शिडीवर मी चढले. बाकीच्या बोरे ओढत होत्या, सासू खाली शिडी धरून होती. वर पोचले, ताडपत्रीचं टोक पत्र्याखाली खोचायला हात लांबवला, आणि शिडी पायाखालून गेली. फरशी ओली होती, घसरली असणार, असं मी समजले. डावा हात अंगाखाली आला. वाळकी काडी मोडावी तसा आवाज माझा मलाच ऐकू आला.

हाडवैदानं बांधला. सोडला तेव्हा मनगट वाकडं ते वाकडंच. बोटं हलायची, पण जोर म्हणून धरेना. सूप उचललं की गळून पडायचं, तांदूळ भुईवर. मिलनं थोडे दिवस वाट पाहिली आणि माझ्या जागी दुसरी बाई ठेवली. झालं. मी घरात बसले आणि साठीला आलेली सासू रोज सकाळी माझी वेणी घालून एकटी कामाला जायला लागली.

शेवटी मी बालाघाटला सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरनं हात उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, अब यह ऐसा ही रहेगा. मग विचारलं, कैसे गिरी. मी सांगितलं. तर तो बाबा सहज, कागदावर लिहिता लिहिता म्हणतो, "मिल के काम में गिरी हो तो हर्जाना माँगो. कानून है."

मी त्याला तीनदा विचारलं. हर्जाना? भरपाई? मला? सेठ देणार? तिसऱ्या वेळी तो वैतागला, पण हौच म्हणाला. परतीच्या छोट्या आगगाडीत बसायला जागा होती, तरी वारासिवनीपर्यंत मी उभी. बसवेचना. असा कायदा आहे आणि आपल्याला एका माणसानं सांगितलं नाही, याचा संताप, आणि तो आहे याचा आनंद, दोन्ही एकदम डोक्यात चढले होते. शेजारची बाई म्हणाली, बाई, लग्नाले चालली काय? मी म्हटलं, हौ, तसंच समज.

घरी येऊन सासूला सांगितलं. वाटलं होतं, खुश होईल. तिचा चेहरा उतरला.

"नको वं बाई. झालं ते झालं. कचेरीत नको जाऊ."

"काहून नको, आत्याबाई?"

"नवमीचं होतं थे. चारचौघांत कशाले आनतं?"

मी भांडले. चांगली तासभर भांडले. ती चुलीपुढं बसून राख सारखी करत राहिली. भित्री आहे, देवीला भिते, सेठला भिते, असं मी म्हटलं. तोंडावर म्हटलं.

बालाघाटच्या एका वकिलानं अर्ज लिहून दिला. माझा कामाचा दाखला, डॉक्टरचा कागद, सगळं जोडलं. मी चौथी शिकलेली, सही माझी मी केली आणि ती सही सुकेपर्यंत त्याच्या टेबलापाशी उभी राहिले. मग सेठचं उत्तर आलं. वकिलानं वाचून दाखवलं. नवमीला मिल बंद होती. कोणी काम करत नव्हतं. ही बाई परसादाला आली आणि तोरणाची झेंडूची फुलं काढायला आपल्या मनानं शिडीवर चढली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फुलं! मी काय देवाची फुलं चोरणारी? वकील म्हणाले, बाई, ओरडून उपयोग नाही, साक्षीदार आण. तुझ्यासोबत पाच जणी होत्या ना? त्यातल्या दोघी बोलल्या तरी काम होईल. मी म्हटलं, दोघी कशाला, पाचही आणते.

आणि इथं सगळं अडलं. मी घरोघर गेले. आता तुम्हाला वाटेल सेठनं त्यांना दमदाटी केली असेल, पैसे चारले असतील. तसं काही नव्हतं. पडले त्या संध्याकाळी मला हाडवैदाकडं पोचवून त्या चौघी आणि माझी सासू तडक देवीच्या देवळात गेल्या होत्या. पायरीवर नाक घासलं, नारळ फोडला, आणि देवीपुढं हात ठेवून शपथ घेतली, की आज आम्ही मिलमध्ये गेलोच नाही, हत्याराला शिवलोच नाही, आणि कोणी विचारलं तरी हेच सांगू. देवीनं कोप करू नये म्हणून हा तोडगा. मला हे सगळं सहा महिन्यांनी कळत होतं.

"तुह्यासाठी जीव तुटते माहा," पहिलीच म्हणाली. "पन सायबापुढं दुसरं बोलली त मी देवीपुढं खोटी पडते."

"अवं, पन तू आलतीस. बोरे ओढलेस तू."

"वढले."

"मंग देवी आंधळी हाय काय? तिनं नाई पाह्यलं?"

"पाह्यलं असन," ती म्हणाली. "पन आमी सांगतलं आन तिनं मानलं. आता तिले दुसरं कसं सांगू?"

चारी घरी हेच उत्तर, वर चहा. एकीनं तर जाताना माझ्या वाकड्या हाताला तेल चोळून दिलं. मी रडत घरी आले. पाचवी घरातच होती, पण तिच्याकडं विषय काढला की घागर उचलून पाण्याला जायची. घागर भरलेली असली तरी जायची.

तारखा पडत गेल्या. शेवटी साक्षीची तारीख आली. आणि गंमत बघा, त्या चौघींना सेठच्या वकिलानंच बोलावलं, मिल बंद होती हे सांगायला. त्या आल्या त्याच गाडीनं, त्याच डब्यात, माझ्या समोरच्या बाकावर. मला चिवडा दिला. माझा पदर सारखा केला. "कचेरीत घाबरू नोको," असंही सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही माझ्याविरुद्ध बोलायला चालल्यात बायांनो. "हौ ना," एक म्हणाली आणि डोळे पुसले. सासू कोपऱ्यात खिडकीला बसली होती. तिला मी बोलावलं नव्हतं. सकाळी माझ्या आधीच उठून तयार झाली आणि काखेत गाठोडं घेऊन मागं मागं चालत स्टेशनवर आली. कशाचं गाठोडं, ते मी विचारलं नाही.

कचेरी म्हणजे एक लांब खोली, वर पंखा, निकाल देणारा साहेब परमुलखातला. मला वाटलं होतं घाबरेन, पण कसचं काय, माझं अंग नुसतं सळसळत होतं. जन्मात पहिल्यांदा सेठ आणि मी एका खोलीत, आणि दोघंही उभे. मी सगळं सांगितलं. सेठच्या वकिलानं मध्ये दोनदा दाबायला पाहिलं, तर साहेबच म्हणाले, बोलने दो.

मग चौघी एकेक करून आल्या. साहेब, नवमीले काम बंद होतं. साहेब, मी घरीच होती. साहेब, आमच्यात नवमीले हत्याराले हात लावत नाई. प्रत्येक जणी बोलताना माझ्याकडं बघत नव्हती, छताकडं बघत होती, जणू देवी पंख्यावरच बसली आहे. सेठचा वकील हसत होता. साहेबांनी मला विचारलं, "और कोई गवाह?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मागून आवाज आला, "मी हावो."

सासू. दारातल्या शिपायाला बाजूला सारून आत आली होती. साहेबांनी विचारलं, ये कौन? कचेरीतल्या बाबूनं मला विचारून सांगितलं, सास है. तिला हिंदी धड येत नव्हती. ती आपल्या बोलीत बोलली आणि बाबू साहेबांना समजावत गेला. बोलली बाई एकदाची, असं मला झालं होतं.

"आमी सहाझनी गेलतो," ती म्हणाली. "मुनीमजीनं बलावलं म्हनून गेलतो. शपथ घेतली थे खरं हाय, पन गेलतो थे त्याहून खरं हाय. शिडी म्या धरलती."

साहेब लिहीत होते.

"इनं पयल्या दांड्यावर पाय देला, तठी म्याच लावलेलं कुंकू होतं. दुसऱ्यावर बी. एकेक कुंकू पायाखाली पुसत चालली थे, आन माह्या जिवाचं पानी पानी होऊन राह्यलं. म्या दम धरला. मंग थे वर पोचली, आन माह्यानं राह्यलं नाई. म्या हात जोडले. दोन्ही हात. माय, माफ कर म्हनलं. तितक्यात शिडी गेली."

बाबू सांगायचं विसरला, साहेबांनी त्याला खुणावलं तेव्हा त्यानं हात जोडून दाखवलं. मी सासूकडं बघत होते. ती माझ्याकडं बघत नव्हती.

सेठचा वकील ताडकन उठला. हुजूर, आता तर सगळं साफ झालं. शिडी सासूनं सोडली. चूक सासूची, मिलची काय?

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "वकील साहब, सीढ़ी किसने छोड़ी, यह मुझे नहीं देखना. यह देखना है कि बाई सीढ़ी पर किसके काम से चढ़ी थी." मग त्या चौघींकडं वळून विचारलं, ही म्हातारी खोटं बोलते का?

चौघींनी एकमेकींकडं पाहिलं. ज्या बाईनं मला तेल चोळलं होतं ती म्हणाली, "साहेब, बुढीनंच मोडली शपथ. तिच्याच मंगं त आमी घेतलती. आता आमची कोठी राह्यली?" आणि मग काय, धरणाचं दार उघडल्यासारख्या चौघी एकदम बोलायला लागल्या. कोणी किती बोरे ओढले, मुनीमजी कसे धावत आले, पाऊस केवढा, मी कशी पडले. दीड वर्ष पोटात ठेवलेलं सगळं बाहेर. शिपाई चुप चुप म्हणून थकला. मुनीमजींना पुढं बोलावलं, तर ते खाली बघून म्हणाले, जी, बुलाया तो था.

साहेबांनी तिथंच सांगितलं, हर्जाना मिळेल, हुकूम निघेल. माझा वकील मला म्हणाला, बाई, जिंकलीस. चौघी माझ्या गळ्यात पडल्या. मी हसत होते, रडत होते, सेठकडं सरळ डोळ्यांनी बघत होते. असा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. आणि त्याच आनंदाच्या बुडाशी दुसरं काहीतरी उकळत होतं. म्हणजे शिडी घसरली नव्हती. म्हणजे ही माझ्यासोबत एका घरात राहिली, एका ताटलीतली चटणी खाल्ली, आणि हिला माहीत होतं. मी मागं वळले तर ती खोलीत नव्हती.

"थे त गेली," चौघींतली एक म्हणाली. "आपलं गळ्यात पडनं चाललं तवाच."

मी निघाले. स्टेशनवर पाहिलं, फलाटावर नाही, नळापाशी नाही. गाडीला वेळ होता. मग एका टांगेवाल्यानं सांगितलं, एक बुढिया बसअड्डे गई है. मी तशीच भर उन्हात बसअड्ड्यावर, पदर खांद्यावरून घसरलेला, लोक बघताहेत. किरनापूरची बस उभी होती, ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. ती आत बसलेली दिसली, मधल्या बाकावर. मांडीवर गाठोडं. त्यात तिची दोन लुगडी, तिचा तांब्या, तिची वाकळ. घरातलं तिचं म्हणावं असं सगळं होतं. किरनापूरला तिचा भाऊ राहत होता, आणि त्याच्या घरी ती बारा वर्षांत गेली नव्हती.

मी वर चढले.

"कोठी चालल्या, आत्याबाई?"

"भावाकडं."

"कवा येनार?"

ती गाठोड्याची गाठ चाचपत राहिली. तेव्हा मला कळलं, की ही सकाळीच सगळं बांधून निघाली होती. खरं बोलायचं आणि मग परत यायचं नाही, हे तिनं घरूनच ठरवून आणलं होतं. कळलं तसा माझा पारा आणखीच चढला.

"मले तवाच काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू माहेरी गेली असती," ती म्हणाली. "मी कोनापाशी राह्यली असती? आता बी जाशीन. जाय. तुहा हात म्या मोडला. कोन्या तोंडानं त्या घरात बसू?"

"दीड वरस रोज माही येनी घातली तुमी," मी ओरडले. अख्खी बस ऐकत होती. "रोज सकाळी. तवा तोंड नव्हतं काय तुमाले? मले तुमाले भित्री म्हनू देलं, देवीले भिते म्हनू देलं. मी भांडून भांडून मेली, आन तुमी राख सारखी करत बसल्या."

"हौ," ती म्हणाली. एवढंच.

मला तिला मारावंसं वाटलं. आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. दोन्ही खरं आहे. कंडक्टर मागून म्हणाला, "बाई, टिकट लेना है कि उतरना है?"

"उतरना है," मी म्हटलं. "दोनों को."

ती हलली नाही. मी वाकून तिच्या कानाशी, आता हळू, म्हटलं, "एक हात त गेला माहा. आता हे तुमचे दोन बी किरनापूरले धाडू काय? उतरा."

मी उजव्या हातानं गाठोडं उचललं. दुसरा हात मोकळा उरला तो डावाच. त्यानंच तिचं मनगट धरलं आणि बसच्या दाराकडं निघाले. त्या हातात काही जोर नव्हता. तिनं नुसतं बोट हलवलं असतं तरी सुटला असता. ती माझ्या मागं मागं खाली उतरली.